नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आपल्या मराठी भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पाळण्यातल्या बाळाचे आपण नाव ठेवतो, आणि त्याच पाळण्याभोवती बसून गैरहजर शेजाऱ्याला नावे ठेवतो. पहिले कृत्य प्रेमाचे, दुसरे निंदेचे. पण दोन्ही कृत्ये करणारी जीभ एकच, आणि एका कृत्यातून दुसऱ्यात आपण केव्हा घसरलो हे पुष्कळदा आपले आपल्यालाही कळत नाही. या घसरणीविषयी प्रस्तुत लेखात थोडा विचार करावयाचा आहे. त्यासाठी मी आधार घेणार आहे तो सहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या एका चिमुकल्या बेडकाचा. वाचकांनी हसू नये. ज्याने शलमोनाच्या मुखातून आळशी मनुष्याला मुंगीकडे पाठविले, तो आपल्याला बेडकाकडेही पाठवू शकतो.

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरच्या रस्त्यावर, बोम्मसंद्रा नावाचे उपनगर आहे. आज तेथे कारखान्यांची दाट वस्ती आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका तेथपर्यंत येऊन पोहोचली आहे. गावाच्या नावात मात्र अजून पाणी शिल्लक आहे. या भागातील कितीतरी गावांच्या नावांचा शेवट 'संद्रा' असा होतो. 'समुद्र' शब्दाचे हे कानडी जिभेवर झिजलेले रूप असून येथे समुद्र म्हणजे गावाचे तळे. वळवाचा पहिला पाऊस पडला की उरल्यासुरल्या डबक्यांतून बेडूक असे काही ओरडू लागतात की कारखान्यांचा आवाजही मागे पडावा.

उदरनिर्वाहासाठी येथे आलेली आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे शनिवारी सायंकाळी प्रार्थनेसाठी एकत्र जमतो. लहान मुलांचा एक वर्ग मी घेतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाचा पाठ चालू होता. देवाने सर्व पशुपक्षी आदामाकडे आणले आणि आदाम त्यांना काय नावे देतो हे पाहिले, हा तो भाग. एका मुलीने विचारले, "पण आदामाच्याही आधी मरून गेलेल्या प्राण्यांना नाव कोणी दिले?" मला तत्काळ उत्तर सुचले नाही. पुढच्या शनिवारी सांगतो, असे म्हणून मी वेळ मागून घेतला आणि आठवडाभर वाचन करून मुंबईच्या वरळीतील जीवाश्म बेडकांची हकीकत तयार केली.

त्याच पुढच्या शनिवारी, मुलांचा वर्ग आटोपून मोठ्यांची प्रार्थना सुरू होण्याआधी, एक नवा तरुण आमच्यात आला. सोलापूरकडचा, जवळच्याच एका कारखान्यात नुकताच लागलेला. वडीलधारा म्हणून त्याचे स्वागत करण्याचे काम माझ्याकडे आले. मी गाव विचारले, आडनाव विचारले, मंडळी कोणती ते विचारले. आडनावावरून नीट उलगडा होईना, तेव्हा आपल्या समाजात अगदी सहज विचारला जाणारा प्रश्नही मी विचारला, "मूळचे कोण तुम्ही?" तो क्षणभर गप्प राहिला. मग शांतपणे म्हणाला, "काका, माझे आजोबा सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाच्या आत जन्मले. आमचे मूळ सरकारनेच लिहून ठेवले होते." त्यानंतर गीत सुरू झाले. पुढच्या शनिवारी तो आला नाही.

मुलांना सांगितलेली बेडकाची हकीकत मला खऱ्या अर्थाने त्यानंतर समजू लागली.

आपला दख्खनचा बहुतेक सारा प्रदेश ज्या काळ्या दगडावर उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पुनःपुन्हा उसळलेल्या लाव्हारसाचा थिजून झालेला खडक होय. एक थर थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत मधे पुष्कळ काळ जाई. त्या अवकाशात खळग्यांतून पाणी साचे, वनस्पती उगवत, बेडूक व कासवे नांदत. मग पुन्हा लाव्हा येई आणि तळ्यातला गाळ त्याखाली कायमचा मिटून जाई. मुंबईच्या वरळी टेकडीत असा एक गाळाचा थर आहे, आणि त्यात लहानशा बेडकांचे सांगाडे मोठ्या संख्येने सापडले आहेत.

१८४७ साली क्लार्क नावाच्या अभियंत्याने मुंबईसमोरील भूप्रदेशातील खडकांविषयी लिहिलेला एक निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला जोडून रिचर्ड ओवेन यांनी या बेडकाचे वर्णन केले. ओवेन म्हणजे 'डायनोसॉर' हा शब्द १८४२ साली ज्यांनी घडविला ते थोर शरीररचनाशास्त्रज्ञ. त्यांनी बेडकाला 'राना पुसिल्ला' हे लॅटिन नाव दिले. 'राना' म्हणजे बेडूक आणि 'पुसिल्ला' म्हणजे चिमुकली. जगाच्या या भागातील नेहमीच्या बेडकांच्याच वंशात त्यांनी त्याला बसविले.

हे काम किती अवघड असते हे ध्यानात घेतले पाहिजे. जिवंत बेडूक आपण त्याच्या रंगावरून, कातडीवरून आणि विशेषतः आवाजावरून ओळखतो. प्रत्येक जातीच्या नराची हाक निराळी असते आणि मादी ती बिनचूक ओळखते. दगडातल्या बेडकाला ना रंग, ना हाक. उरतात ती हाडे, आणि तीही दाबली गेलेली, विस्कटलेली. वरच्या जबड्यात दात आहेत का, खांद्याची हाडे छातीशी एकमेकांवर चढतात की जुळून घट्ट होतात, कमरेच्या मणक्याला दोन बाजूंनी फुटलेली हाडे काठीसारखी गोल आहेत की पंख्यासारखी पसरट, अशा बारीकसारीक खुणांवरून त्याचे कूळ ठरवायचे असते. नाव देणाऱ्याला जे दिसते ते अंशमात्र असते. आपले ज्ञान अपुरे आहे आणि आरशात अंधुक दिसावे तसे आपण पाहतो, असे पौलाने करिंथकरांस लिहिले. ते त्याने प्रीतीविषयीच्या अध्यायात लिहिले, हे विसरता कामा नये.

बावीस वर्षांनंतर, १८६९ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फर्डिनांड स्टोलिच्का यांनी या सांगाड्यांची नव्याने तपासणी केली. हा मोराव्हियात जन्मलेला विद्वान पुढे १८७४ साली हिमालयापलीकडच्या मोहिमेवरून परतताना मरण पावला आणि लेह येथे मोराव्हियन मिशनच्या दफनभूमीत विसावला. त्यांचे मत पडले की हा बेडूक 'राना' वंशातला नव्हे. त्यांनी त्याला 'ऑक्सिग्लॉसस' वंशात घातले. पुढे १९३० साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयातील जी. के. नोबल यांनी तिसऱ्यांदा परीक्षण केले. त्यांच्या मते तो या दोन्ही वंशांतला नव्हता. त्यांना त्याचे साम्य दिसले ते थेट ऑस्ट्रेलियातील बेडकांच्या कुळाशी, म्हणून त्यांनी त्याच्यासाठी 'इंडोबॅट्रॅकस', म्हणजे भारतीय बेडूक, असा स्वतंत्र वंश स्थापन केला. खंडे सरकतात ही कल्पना त्या काळी बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हती. भारत आणि ऑस्ट्रेलिया एकेकाळी एकाच दक्षिणी महाखंडाचे भाग होते हे आज सर्वमान्य आहे, आणि त्या महाखंडाला आपल्याच गोंडवनाचे नाव आहे. १९४० साली गो. वा. चिपळूणकर यांनी वरळीतीलच आणखी एका जातीचे वर्णन केले आणि १९८५ साली या सर्व सामग्रीकडे विद्वानांनी पुन्हा नव्याने पाहिले. या थराचे वयही असेच सुधारले गेले. पूर्वी तो इओसीन काळातला मानीत, आज तो त्याहून जुना, पॅलिओसीन काळातला मानला जातो.

एका चिमुकल्या बेडकाला तीन वेळा तीन घरे मिळाली. बेडूक मात्र होता तेथेच होता. त्याचे एक हाडही नामकरणाने बदलले नाही. बदलत गेले ते आपले त्याच्याविषयीचे ज्ञान.

येथे एक लहानशी गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. शास्त्रीय नावाच्या मागे ते नाव प्रथम देणाऱ्याचे नाव लिहिण्याची प्रथा आहे. प्राण्याचा वंश पुढे बदलला, तरी मूळ जातिवाचक शब्द टिकवून ठेवतात, आणि पहिल्या शास्त्रज्ञाचे नाव पुसून न टाकता कंसात लिहितात. म्हणून आज या बेडकाचे पूर्ण नाव 'इंडोबॅट्रॅकस पुसिल्लस' असे असून त्यामागे कंसात ओवेन आणि १८४७ हे साल असते. त्या कंसाचा अर्थ असा की याने प्रथम पाहिले, त्याचा ऋणनिर्देश केला पाहिजे. त्याचा निर्णय मात्र पुढे सुधारावा लागला. चुकणाऱ्याचा मान राखून चूक सुधारण्याची इतकी सभ्य रीत आपल्या मंडळ्यांच्या सभांत किती वेळा दिसते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

दुसरी गोष्ट पुराव्याची. नोबल यांना ओवेन यांचे म्हणणे तपासता आले, कारण वरळीच्या बेडकांचे नमुने जपून ठेवलेले होते. ज्या नमुन्यावरून नाव दिले जाते तो सुरक्षित ठेवणे हे शास्त्रज्ञाचे कर्तव्य मानले जाते. याचा अर्थ असा होतो की आपली चूक उद्या ज्यामुळे सिद्ध होईल ती वस्तू तो स्वतःच्या हाताने सांभाळून ठेवतो. तसे झाले नाही तर काय होते, याचे उदाहरण बंगळूरातच आहे. येथील सेंट्रल कॉलेजमधील प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांनी १९३७ साली दक्षिण भारतातील बेडकांच्या अनेक नव्या प्रकारांचे वर्णन प्रसिद्ध केले. मोठ्या योग्यतेचे ते काम होते. पुढे त्यांचे मूळ नमुने नाहीसे झाले, आणि त्यांनी नेमका कोणता बेडूक पाहिला होता हे ठरविताना नंतरच्या अभ्यासकांची फार ओढाताण झाली. नाव उरले आणि ज्याचे नाव तो हरवला.

याच नोबल यांच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग या विषयाशी निगडित आहे. व्हिएन्ना येथील कामेरर नावाच्या संशोधकाने एका जातीच्या भेकांच्या हातांवर काळे उंचवटे निर्माण झाल्याचे दाखवून आनुवंशिकतेविषयी मोठा सिद्धांत मांडला होता. १९२६ साली नोबल यांनी जपून ठेवलेला नमुना तपासला, तेव्हा तो काळेपणा शाईचा निघाला. हे प्रसिद्ध झाल्यावर काही आठवड्यांतच कामेरर यांनी आत्महत्या केली. शाई त्यांनीच भरली की दुसऱ्या कोणी, याविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. नमुन्याचा निवाडा एका तपासणीत झाला. मनुष्याचा निवाडा शंभर वर्षांतही होऊ शकला नाही. दगडातल्या हाडांविषयी आपण जे बोलू शकतो, ते मनुष्याविषयी बोलण्याचा आपला अधिकार किती तोकडा आहे, हे यावरून दिसून येते.

सहा कोटी वर्षांच्या या भाषेने काही श्रद्धावंतांचे मन अस्वस्थ होत असेल. त्यांना मी नागपूरचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांची आठवण देईन. १८४५ पासून त्यांनी नागपुरात शुभवर्तमान सांगितले, शाळा चालविली आणि त्याच निष्ठेने आसपासच्या खडकांतील जीवाश्म गोळा केले. मांगली येथील एका प्राचीन प्राण्याची कवटी त्यांच्या परिश्रमामुळे लंडनला पोहोचली आणि १८५५ साली ओवेन यांनीच तिचे वर्णन केले. ओवेन यांनी त्या प्राण्याला सरीसृप म्हटले. आज तो बेडकाप्रमाणे उभयचरांत गणला जातो. १८६३ साली जुनी शिलावर्तुळे पाहून परत येताना पुराच्या पाण्यात हिस्लॉप यांचा अंत झाला. बायबल आणि हातोडी एकाच पिशवीत बाळगताना त्यांना संकोच वाटला नाही. निर्मात्याने जे केले ते नीट पाहणे हीही एक उपासना आहे, अशी त्यांची धारणा असली पाहिजे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. आदामाला दिलेले काम एदेन बागेत एका दिवसात संपले नाही. देवाने प्राणी आणून उभे केले आणि मनुष्य काय म्हणतो याची वाट पाहिली. सर्वज्ञ देव मनुष्याच्या शब्दासाठी थांबला! या गौरवाचे ओझे मोठे आहे. बोलण्याच्या आधी आदामाला पाहावे लागले. आणि ही आज्ञापालनाची गोष्ट पतनाच्या अगोदरची आहे, म्हणजे नाव देणे स्वतः पाप नव्हे. मग पाप कोठे शिरते?

उत्तरासाठी नामकरणाच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या लिनियसकडेच वळू. लुथरन पाळकाच्या घरी जन्मलेल्या या स्वीडिश पंडिताने १७५८ साली प्राण्यांच्या दुहेरी नावांची पद्धत सिद्ध केली. मनुष्यालाही त्याने एकच जातिनाम दिले. मराठी जीवशास्त्रात 'जाती' हा शब्द याच अर्थाने वापरतात, आणि त्या अर्थाने सर्व मनुष्यांची जाती एक आहे, हे शास्त्राचे निर्विवाद मत आहे. परंतु लिनियस तेथे थांबला नाही. त्याने खंड आणि कातडीचा रंग यांवरून माणसांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला स्वभावही चिकटविले. कोणी नियमाने वागणारा, कोणी आळशी, कोणी लोभी. बेडकाची हाडे मोजणाऱ्या नजरेने त्याने लाखो न पाहिलेल्या माणसांचा स्वभाव लिहून टाकला. नाव ठेवता ठेवता तो नावे ठेवू लागला.

या चुकीचे सर्वांत कठोर रूप आपल्या देशाने १८७१ साली पाहिले. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याच्या अमलात आपल्याकडील पारधी, कैकाडी यांसारख्या कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. पाळण्यातल्या बाळाचे नाव ठेवण्याआधीच सरकारने त्याला नावे ठेवली. या लोकांना कोंडण्यासाठी वसाहती उभारल्या. सोलापूरच्या माणसाला 'सेटलमेंट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आणि हे लिहिताना लेखणी जड होते, की देशातील अशा अनेक वसाहतींचा कारभार मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांच्या हाती होता. तेथे शाळा चालल्या, उद्योग शिकविले गेले, कित्येकांनी कळकळीने सेवा केली, हे खरे. पण कुंपण होते, हजेरी होती, आणि हजेरी घेणाऱ्यांत आपली माणसे होती. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि या जमातींना 'विमुक्त' म्हणू लागले. तरीही २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, की तुरुंगांच्या नोंदवह्यांतील कैद्यांच्या जातीचा रकाना काढून टाकावा. चुकीचा कायदा एका दिवसात रद्द करता येतो. त्याने चिकटविलेले नाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही.

यावर कोणी म्हणेल की मग नावे आणि वर्ग ठेवूच नयेत. 'आपण सर्व एक' एवढे म्हणून मोकळे व्हावे. हा मार्ग सोपा दिसतो, पण तो खरा नाही. रोगाचे नाव घेतल्यावाचून वैद्य औषध देऊ शकत नाही. ज्या बेडकाला नाव नाही त्याचे तळे बुजले तर तक्रार कोणाच्या वतीने करणार? आणि आपल्या समाजातील अन्यायालाही नाव द्यावेच लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता हिंदूंपुरती ठेवली. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली, ख्रिस्ती दलितांना नाही. 'ख्रिस्ती झाल्यावर जात उरत नाही' हे सुंदर वाक्य तेथे त्यांच्याच विरुद्ध वापरले जाते. ज्या मंडळीत लग्न जुळविताना मूळ विचारले जाते, तिने सरकारपुढे जात उरली नाही असे म्हणणे ही सत्यवादिता नव्हे. दुःखाला नाव देणे हे नावे ठेवणे नाही.

तेव्हा प्रश्न नाव द्यावे की न द्यावे हा नाही. नाव कोणत्या वृत्तीने द्यावे, हा आहे. वरळीच्या बेडकाने मला याबाबतीत जे शिकविले ते असे. नाव देण्याआधी पाहावे. एका हाडावरून सांगाडा आणि एका आडनावावरून मनुष्य पुरा करू नये. जो पुरावा आपल्याविरुद्ध जाईल तोही जपावा. आपल्या मताला न जुळणारा त्या माणसाचा एखादा सद्‌गुण दिसला तर तो नजरेआड लोटू नये. चूक कळली की जाहीरपणे सुधारावी, कारण नाव जाहीरपणे दिलेले असते. आणि शेवटी, आपण दिलेले नाव म्हणजे ती व्यक्ती नव्हे, हे सदैव लक्षात ठेवावे. बेडकाला आपल्या नावाचे सुखदुःख नाही. मनुष्याला असते. आपण दिलेले नाव तो ऐकतो, आणि पुष्कळदा त्या नावाखाली आयुष्य काढतो.

नासरेथातून काही उत्तम निघू शकेल का, असे नथनेलाने विचारले, तेव्हा त्यानेही गावावरून वर्ग ठरविला होता. फिलिप्पाने वाद घातला नाही, येऊन पाहण्यास सांगितले. चांगल्या शास्त्रज्ञानेही याहून निराळे काही सांगितले नसते. नथनेल उठला आणि गेला, ही त्याची थोरवी.

परंतु या विषयावरचा सर्वांत मोठा धडा प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात आहे. यापो येथे पेत्राला दृष्टांतात आकाशातून उतरणारी चादर दिसली. तिच्यात सर्व प्रकारचे चतुष्पाद, सरपटणारे जीव व पक्षी होते. शुद्ध-अशुद्ध प्राण्यांचे वर्गीकरण पेत्राला लेवीयांच्या ग्रंथामुळे बालपणापासून पाठ होते. पाण्यात राहूनही ज्याला पंख व खवले नाहीत तो बेडूकही त्यात निषिद्धच. चादर तीन वेळा उतरली तरी पेत्र गोंधळलेलाच होता. दारात कर्नेल्याची माणसे येऊन उभी राहिली तेव्हा त्याला अर्थ कळला: प्रश्न प्राण्यांचा नव्हताच, माणसांचा होता. कोणाही मनुष्याला अशुद्ध म्हणू नये, हे देवाने आपल्याला दाखविले, अशी कबुली त्याने परक्याच्या घरात दिली. पुढे यरुशलेमेच्या मंडळीने जाब विचारला तेव्हा त्याने घडलेले सारे क्रमाने, काही न लपविता सांगितले. मंडळीचा स्तंभ म्हणविणाऱ्या प्रेषिताने आपले जुने वर्गीकरण सर्वांसमक्ष मागे घेतले. त्याने त्याची प्रतिष्ठा गेली नाही. आपण सर्व परराष्ट्रीय त्या दुरुस्तीमुळेच आज मंडळीत आहोत.

ओवेन यांनी बेडकाला दिलेला शब्दही मला वारंवार आठवतो. पुसिल्लस, म्हणजे चिमुकला. वंश दोनदा बदलला, तरी हा शब्द कोणी काढला नाही. प्राचीन लॅटिन बायबलात मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशू ज्या लहानांना अडखळविण्याविषयी भयंकर इशारा देतो, त्या लहानांसाठी हाच शब्द आहे. लूकच्या बाराव्या अध्यायातील लहान कळपासाठीही हाच. आपण दिलेले वंश, कुळे आणि मुळे काळाच्या ओघात खोटी ठरतील. लहान हे नाव तेवढे टिकेल, आणि त्या नावाने तर आपण सारेच त्याच्यापुढे उभे आहोत.

एवढे लिहून झाले तरी माझे कर्तव्य राहिले होते. एका रविवारी मी त्या तरुणाच्या खोलीवर गेलो. त्याने चहा केला. मी माझा प्रश्न चुकला होता असे सांगून क्षमा मागितली. तो थोडे हसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही गाव विचारलेत, आडनाव विचारलेत, मूळ विचारलेत. माझे नाव विचारलेच नाही."

खरेच होते. तासभर बेडकांच्या नावांविषयी मुलांना सांगून आलेल्या मला त्याचे स्वतःचे नाव विचारण्याचे सुचले नव्हते. मी ते तेव्हा विचारले. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याच्या आजीने ठेवलेले नाव त्याने मला सांगितले. ते येथे छापण्यासाठी नाही. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना ज्या नावाने हाक मारतो, त्यांपैकी ते एक आहे.

परत येताना पाऊस लागला. बोम्मसंद्राच्या डबक्यांतून बेडूक ओरडत होते, प्रत्येक आपापल्या हाकेने. त्यांतला एकही मला ओळखता आला नाही. निर्मात्याला मात्र सर्व हाका ठाऊक असतील.